कागदावरची कोळीण

माहीमच्या कोळीवाड्यातली मंजुळा वैती डोक्यावर पाटी घेऊन दादरच्या मंडईकडे निघाली, की रस्त्यातली माणसं आपणहून कडेला सरत. पाटीतून ठिबकणारं पाणी कुणाच्या अंगरख्यावर पडेल याचा नेम नसे. आणि पडल्यावर तिची बोलण्याची रीत अशी होती, की भिजलेल्या माणसालाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.

"आंदला हाय काय रं? एवडी बाई येते ती दिसत नाय तुना?"

भिजलेला माणूस मान खाली घालून पुढे जाई. तरीही दुसऱ्या दिवशी मासे घ्यायला तो तिच्याकडेच येई, कारण मंजुळाचा मासा शिळा निघाला असं दादरात कुणी म्हटलेलं नव्हतं. म्हणायची कुणाची छाती नव्हती हे खरं, पण मासाही ताजाच असे.

मंडईच्या दाराजवळचा पहिला दगडी ओटा तिचा. तिच्याआधी तिथे तिची सासू सखुबाई बसत असे. तेव्हा मंडई नव्हती, नुसता वड होता आणि वडाखाली चारपाच कोळणी. मग एका वर्षी वडाभोवती भिंती आल्या, वर पत्रे आले, खाली ओटे आले आणि माडीवर कचेरी आली. सखुबाई आपल्या जागेवरून हललीच नाही, म्हणून गवंड्यांनी तिच्या भोवतीच ओटा बांधला, असं ती सांगे. तिचे गुडघे गेले आणि त्या ओट्यावर मंजुळा बसायला लागली.

माडीवरच्या कचेरीत एक गोरा साहेब होता, तो सहसा दिसत नसे. एक कारकून होता, तात्या कोठारे, गिरगावातून येणारा, लाल पगडीचा, मऊ बोलण्याचा. आणि एक शिपाई होता, दौलत. दौलत रोज सकाळी पंचा खांद्यावर टाकून ओट्यांच्या रांगेतून फिरे आणि प्रत्येकीकडून काही ना काही उचले. कुणाकडून चार बोंबील, कुणाकडून मूठभर करंदी. याला तो 'कचेरीचा मान' म्हणे. मंजुळाही देई, तोंडाने शिव्या घालत देई; पण त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. मांजराला माशाचं डोकं टाकावं तसं ते होतं. मांजर असणारच, डोकंही निघणारच.

हे असं बारा वर्षं चाललं. मग अठराशे चौऱ्याण्णव साली जुना साहेब विलायतेला गेला आणि नवा आला. नव्या साहेबाला जातींचा नाद होता. या मुलखात कोण कुठल्या जातीचा, त्याच्या बायका काय नेसतात, लग्नात काय करतात, हे सगळं त्याने जाड जाड पुस्तकांतून वाचलं होतं आणि स्वतःची एक वहीही ठेवली होती. मंडई बघितल्यावर त्याच्या मनात आलं, की मुंबई बेटाच्या मूळ रहिवासी कोळणी. तेव्हा पुढच्या रांगेचे ओटे त्यांनाच मिळायला हवेत आणि बाकीच्या बायकांनी मागे बसावं. त्याने हुकूम काढला: प्रत्येक बाईने कचेरीत जातीने हजर राहून नाव, नवऱ्याचं नाव, जात आणि राहण्याचं ठिकाण लिहून द्यावं, आणि त्याप्रमाणे तिला नंबराचा पितळी बिल्ला मिळावा.

हुकूम भला होता. तो माडीवरून खाली उतरेपर्यंत त्याचं काय झालं, तीच ही गोष्ट.

"उद्या तुझा नंबर," दौलतने मंजुळाला सांगितलं. "आणि हे बघ, कचेरीत येताना असली येऊ नकोस. वर गाद्या आहेत, खुर्च्या आहेत. जरा माणसासारखी ये."

मंजुळाने हे मनावर घेतलं. कचेरीची पायरी ती जन्मात पहिल्यांदाच चढणार होती. शेजारी रमाबाई म्हणून राजापूरकडची एक बाई राहत असे. तिच्याकडून तिने हिरवं लुगडं मागून आणलं. कोळणीचं आखूड, घट्ट कासोट्याचं नेसणं तिने बाजूला ठेवलं आणि रमाबाईने नेसवलं तसं पायघोळ नेसली. अंगाला दोनदा शिकेकाई लावली. रमाबाईने तिच्या पदराला अत्तराचं बोट लावलं, डोक्यावरून पदर दिला, आणि चालताना पाय कसे जवळ जवळ टाकायचे तेही शिकवलं. कोळीवाड्यातून ती बाहेर पडली तेव्हा कुत्री तिच्यावर भुंकली.

कचेरीत तात्या कोठाऱ्यांनी मान वर केली आणि तोंडभर हसून म्हटलं, "या बाई. बसा."

मंजुळा गडबडली. आजवर तिला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि हातांचं काय करावं ते न कळून त्यांच्याकडे बघत राहिली. तात्यांनी नाव विचारलं, तिने हळूच सांगितलं. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत हे सर्वांना ठाऊक, म्हणून ते दौलतने परस्पर सांगितलं, "हरेश्वर." तात्यांनी लिहिलं. मग हिरव्या लुगड्याकडे एक नजर टाकून त्यांनी विचारलं, "मराठे ना?"

मंजुळाला ऐकू आलं 'मराठी ना?' तिला वाटलं, काय हा चांगला माणूस, किती आपुलकीने विचारतो. नाहीतर या मुंबईत गुजराथी काय, मद्रासी काय, पारशी काय.

"तर!" ती हसून म्हणाली. "आमी मराठीच. सात पिड्या मराठी."

तात्यांनी 'मराठा' असं लिहिलं, शाई सुकायला त्यावर वाळू टाकली आणि "या आता" म्हणाले. मंजुळा घरी येऊन सासूला दिवसभर कचेरीचं कौतुक सांगत होती.

आठ दिवसांनी बिल्ले आले. मंजुळाला मिळाला एकेचाळीस नंबर. एकेचाळीसावा ओटा म्हणजे मंडईचं अगदी मागचं टोक, खांबाच्या आड, मोरीच्या तोंडाशी. तिथे उंदीरसुद्धा नाइलाज असेल तरच जात. पहिल्या ओट्यावर एक बारीकशी, बावरलेली बाई बसली होती. तिच्यापुढे दोन सुरमया, एक घोळ आणि थोड्या मांदेली एकाच टोपलीत कोंबलेल्या होत्या, आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, की जणू ते आता उठून तिला चावणार आहेत.

"कोन गं तू?" मंजुळाने पाटी धाडकन खाली ठेवली.

"मी शेवंती," बाई म्हणाली. "ह्यांनी सांगितलं हितं बस म्हणून."

शेवंतीचे 'हे' म्हणजे कुशाबा, परळच्या एका गिरणीतला मुकादम, कोकणातला, लांज्याच्या वरच्या अंगाचा. त्याने तात्यांच्या मेहुण्याला गिरणीत चिकटवलं होतं. त्याबद्दल तात्यांनी काही घेतलं नाही की दिलं नाही. फक्त वहीत एके ठिकाणी 'शेवंती, जात कोळी, राहणार माहीम' असं लिहिलं. शेवंतीचं माहेर डोंगरात. गिरणीत काम अर्ध्यावर आलं होतं, म्हणून कुशाबाने बायकोला ओट्यावर बसवली होती. तिने मासा आजवर पाहिला होता तो कालवणातच.

मंजुळा तरातरा माडीवर गेली. आज ती तिच्या रोजच्या नेसण्यात होती, आणि अंगाला येणारा वासही रोजचाच होता. तात्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"माजा ओटा त्या घाटावरच्या बाईला कसा काय दिला?"

"ती कोकणची आहे," तात्या म्हणाले. "आणि कोळी आहे. वहीत लिहिलंय."

"आनि मी?"

तात्यांनी वही उघडली. बोट खाली खाली नेलं. "तुम्ही मराठा."

"मी?"

"तुम्हीच सांगितलंत. सात पिढ्या."

दौलत नंतर सगळ्यांना सांगायचा, की त्या दिवशी मंडईत प्रथमच असा क्षण आला जेव्हा मंजुळा होती आणि आवाज नव्हता. तो क्षण फार टिकला नाही. पुढे जे झालं ते खाली मटणाच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं. तात्या मात्र मऊपणानेच बोलत राहिले. कागद हा कागद असतो. दुरुस्ती होऊ शकते. दुरुस्तीला अर्ज लागतो. अर्जाला पुरावा लागतो.

"पुरावा? माज्या अंगाचा वास घ्या!"

"तो वहीत चिकटवता येत नाही, बाई."

जिन्यात दौलतने तिला गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कशाला जीव आटवतेस? तात्यांना सरंगा आवडतो. दिवसाआड एक चांगला सरंगा घरी पोचव, होळीपर्यंत. तू कोळीण होशील."

मंजुळाने कमरेवर हात ठेवले. "बारा वर्सं तुना बोंबील देतंय, कवा मोजलं नाय. मागितला असता तर सरंगाबी दिला असता. पन मी कोलीन व्हायला सरंगा? माजी जात माजी मनाच इकतंस काय रं?"

"तुझी मर्जी," दौलत म्हणाला. "मोरीजवळ हवा गार असते."

कोळीवाड्यात ही बातमी मंजुळाच्या आधी पोचली. आता कोळीवाडा म्हणजे चेष्टेला एक निमित्त पुरे. बायका तिला 'पाटलीणबाई' म्हणायला लागल्या. विहिरीवर कुणीतरी तिला पाणी आधी भरू दिलं, "तुमी मोठ्या घरच्या." तिचा नवरा हरेश्वर हा थोडक्यात बोलणारा माणूस, दोन दिवस त्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी जाळं विणता विणता गंभीरपणे विचारलं, "म मी कोन?"

सखुबाईने तर अंथरुणातूनच निकाल दिला, की सून मराठा असेल तर तिने मासे नीट तळले नाहीत याचं कारण आता कळलं.

मंजुळा जमातीच्या पाटलाकडे गेली. धोंडू पाटील ओसरीवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं, दोनदा 'अरेरे' केलं, आणि म्हणाला, "तू आपली हाय, हे मना ठाव, तुना ठाव, दर्याला ठाव. पन लिवून द्याचं म्हनलं का मंग..." आणि त्याने घराच्या आढ्याकडे बघितलं, जिथे रिकाम्या बाटल्या टांगलेल्या होत्या.

"तुमीबी काय?" मंजुळा म्हणाली.

"सायबाच्या कचेरीला लागतं, म जमातीला नको?" पाटील दुखावल्यासारखा म्हणाला. "जमातीचा मान कमी हाय काय?"

मंजुळाने बाटली दिली. मोहाची, चांगली. दाखला नाक्यावरच्या अर्ज लिहिणाऱ्याने लिहिला: 'मंजुळा हरेश्वर वैती ही बाई जातीने कोळी असून माहीमच्या कोळीवाड्याची आहे.' खाली पाटलाने अंगठा उठवला. बाटली आधी आल्यामुळे अंगठा जरा तिरका पडला, पण पडला.

तात्यांनी दाखला चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि परत दिला.

"हा दाखला धोंडू पाटील देतो."

"हां. आमचा पाटील हाय तो."

"तो कोळी आहे याला पुरावा काय?"

मंजुळाने दाखल्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि ती खाली आली. आता तिला रागही येईना. मोरीजवळच्या ओट्यावर बसून तिने पाटी उघडली. तिचं गिऱ्हाईक दारातून आत यायचं, पहिल्या ओट्याशी थबकायचं, इकडे तिकडे बघायचं, आणि मंजुळा खांबाआड दिसत नसल्याने बाहेर जायचं. ती आवाज द्यायची, पण मंडईच्या त्या टोकाला सगळे आवाज मोरीत जायचे.

पहिल्या ओट्यावर त्याहून वाईट चाललं होतं. शेवंती मासा शेपटीने धरायची, तोही पदराने. गिऱ्हाईक म्हणे त्या भावाने देऊन टाकायची. कुणी सुरमई कापून मागितली, तर कोयता दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून घाव घालायची. काल उरलेलं आणि आज आणलेलं तिला वेगळं ओळखता येत नसे, त्यामुळे पाचव्या दिवशी पहिल्या ओट्यावर असा वास सुटला, की तात्यांनी माडीवरच्या खिडक्या लावून घेतल्या.

त्या दिवशी शेवंती एक मोठी सुरमई उराशी धरून, रडवेलं तोंड करून मागे आली.

"मावशी, रागवू नका. याचं पोट कुठल्या बाजूला असतं गो?"

मंजुळाने तोंड फिरवलं. "मना काय ठाव? मी मराठा. तू कोलीन, तुना ठाव."

शेवंती तिथेच उभी राहिली. मग तिने सुरमई मोरीच्या कडेला ठेवली आणि कोयता उचलला. तिने तो उलटा धरला होता. मंजुळा तिरक्या डोळ्याने बघत होती. ताज्या, चकचकीत सुरमईवर, जी कुणीतरी पहाटे दर्यावरून आणली होती, त्या उलट्या कोयत्याचा घाव पडणार, हे बघणं तिच्याच्याने झालं नाही.

"दे हिकडे, मेले!"

तिने कोयता घेतला. खवले उडाले, कल्ले निघाले, पोट उघडलं, तुकड्यावर तुकडा पडला, सगळे एका जाडीचे. शेवंती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मंजुळाने तिला कल्ल्याचा लाल रंग दाखवला, डोळा दाखवला, बोटाने दाबून पोट दाखवलं. मग म्हणाली, "चल, तुजा माल बगू." पहिल्या ओट्याशी जाऊन तिने शिळं एका बाजूला काढलं, ताजं मांडलं, आणि सवयीने ओट्यावर बसून एक हाक दिली. दारातून गिऱ्हाईक असं आत वळलं, की जणू आठवडाभर ते बाहेर त्या हाकेसाठीच उभं होतं.

त्या दिवसापासून सोय ठरली. मंजुळा पुढे बसायची, शेवंती मागे. मंजुळाच्या पाटीतला निम्मा माल शेवंती मोरीजवळ विकायची, साफ करून, आणि मोरीजवळचं गरीब गिऱ्हाईक तिला घाबरत नसे म्हणून तेही वाढलं. बिल्लेही त्यांनी बदलून घेतले. दौलतच्या हे लक्षात यायला अर्धा दिवस लागला. त्याने वर सांगितलं नाही. आपला मान मात्र दुप्पट केला, कारण आता दोन्ही ओट्यांवरचं गुपित त्याला एकट्याला सांभाळायचं होतं.

असे दोन महिने गेले. आणि एका सकाळी, न सांगता, न कळवता, नवा साहेब वही काखेत मारून मंडईच्या दारात येऊन उभा राहिला. हुकूम कसा काय चाललाय ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. तात्या कोठारे पगडी सावरत जिना उतरले, मंडईची वही उघडली, आणि पहिल्या ओट्याकडे बघितलं. तिथे मंजुळा बसली होती. तात्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त पार पगडीत गेलं.

"हा ओटा कोणाचा?" साहेबाने विचारलं. तो मराठी एका शास्त्र्याकडून शिकला होता.

"शेवंती," तात्यांनी वाचलं. "भ्रतार कुशाबा. जात कोळी. राहणार माहीम."

साहेब मंजुळाच्या हातांकडे बघत होता. डाव्या हातात बांगड्या, उजवं मनगट मोकळं. त्याचा चेहरा उजळला. लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला वाहतात त्या बायका ह्याच, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. "उत्तम!" तो म्हणाला. "ही खरी कोळीण. बाई, तुझे नाम काय?"

साहेबाच्या पाठीमागे तात्यांनी दोन्ही हात जोडले आणि ओठांनी नुसतं म्हटलं, 'शेवंती.'

मंजुळा अशी कात्रीत कधी सापडली नव्हती. मंजुळा म्हणावं, तर कागदावर ती मराठा आणि दुसरीच्या ओट्यावर बसलेली चोर. कोळीण म्हणवून घ्यायचं, तर शेवंती व्हायला हवं. म्हणजे नाव ठेवलं तर जात जाते, आणि जात ठेवली तर नाव जातं. तिने मागे बघितलं. खांबाच्या आडून शेवंतीचं अर्धं तोंड दिसत होतं, पिठासारखं पांढरं पडलेलं.

"शेवंती," मंजुळा म्हणाली, इतक्या हळू आवाजात की शेजारच्या ओट्यावरच्या दमयंतीला वाटलं हिला ताप आला.

"आणि तुझ्या भ्रताराचे नाम?"

आता हे लक्षात घ्या, की लग्न झाल्यापासून मंजुळाने हरेश्वरचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. हरभऱ्यालासुद्धा ती 'घोड्याचं खाणं' म्हणे, म्हणजे चुकून अर्धं नाव तोंडून जायला नको. पण कुशाबा हे नाव तिच्या घशात कुठेच अडकलं नाही.

"कुशाबा!" तिने खणखणीत सांगितलं.

साहेबाची पेन्सिल थांबली. त्याने वहीची मागची पानं चाळली. "हे विचित्र आहे," तो म्हणाला. "या देशीची स्त्री भ्रताराचे नाम कदापि घेत नाही. लाजते. पुनः सांग."

"कुशाबा, कुशाबा, कुशाबा! किती येला सांगू?"

रांगेतल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. तात्यांनी डोळे मिटले. साहेबाने भुवया उंचावून वहीत काहीतरी लिहिलं आणि तो रांगेतून सावकाश मागे निघाला. एकेचाळीसाव्या ओट्याशी थांबला. तात्यांना वाचणं भाग होतं. "मंजुळा. जात मराठा."

"बाई, तुझ्या भ्रताराचे नाम काय?"

शेवंती आज्ञाधारक बाई. साहेब विचारतो आहे, वहीत लिहिलेलं आहे, तेव्हा सांगायला हवं. ती खाली मान घालून, पण अगदी स्वच्छ म्हणाली, "हरेश्वर."

पहिल्या ओट्यावरून एक किंकाळी आली. मंजुळा कोयत्यासकट धावत मागे आली.

"ए भवाने! त्यांचं नाव तू कशी घेतलीस? बारा वर्सांत मी नाय घेतलं, आन तू घेतंस? आन सगल्यांच्या म्होरं?"

साहेब एका बाजूला सरला. शेवंती रडायला लागली. मंजुळाला आपण काय बोललो ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. साहेब मंजुळाकडे बघत होता, मग शेवंतीकडे, मग वहीकडे, आणि शेवटी तात्यांकडे.

"कोठारे," तो म्हणाला, "मला एवढे कळते, की कोणीतरी कोणीतरी नाही."

तात्या मऊ माणूस होते, पण प्रसंगी त्यांचं डोकं फार जलद चाले. त्यांनी वही दोन्ही हातांनी पुढे केली. "हुजूर, ओळ चुकली. लिहिताना खालची ओळ वर गेली, वरची खाली. दोघी गरीब बायका, कागदाला भिऊन एकमेकींची नावं सांगत बसल्या. नजरचूक, हुजूर. जन्मातली पहिली."

साहेबाने मंजुळाकडे वळून विचारलं, "हे सत्य आहे काय?"

मंजुळाला आता बोलता येण्यासारखं पुष्कळ होतं. सरंगा होता, बाटली होती, मेहुण्याची नोकरी होती, दौलतचा दुप्पट मान होता. ते सगळं तिच्या जिभेवर आलं. तिने तात्यांकडे बघितलं. पगडीखालून घामाचा ओघळ आला होता. त्यांना बुडवायला तिला आनंदच झाला असता. पण तात्या बुडाले, की खोटी कोळीण म्हणून शेवंतीचा बिल्ला जाणार, आणि त्या बाईला आत्ता कुठे कल्ला बघता यायला लागला होता.

"हां सायेब," ती म्हणाली. "वल चुकली. पन आता हितंच बरोबर लिवा. तुमच्या म्होरं."

आणि मंडईत उभ्या उभ्या, सरंगा नाही, अर्ज नाही, तात्यांनी वही मोरीच्या कठड्यावर ठेवून दोन्ही ओळी स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. मंजुळाला वाचता येत नव्हतं आणि तात्यांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिने साहेबालाच ते मोठ्याने वाचायला लावलं. साहेबाने शास्त्र्यासारखं सुरात वाचलं: "मंजुळा. जात कोळी." पहिल्या रांगेतल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली, की दारातलं घोडं उधळलं. एकेचाळीसावा ओटा मराठा म्हणून शेवंतीला मिळाला, आणि तिने तो आनंदाने घेतला. तिला पुढे बसायचं नव्हतंच. साहेब मात्र जाताना आपल्या वहीत लिहून गेला, की दादरकडच्या बायका भ्रताराचे नाम घेतात, परंतु शक्यतो दुसरीच्या.

दुसऱ्या दिवशी तात्या कोठारे प्रथमच स्वतः पिशवी घेऊन खाली उतरले. "मंजुळाबाई, सरंगा आहे का?" मंजुळाने चांगला बघून काढून दिला आणि भाव सांगितला. तात्यांनी भाव ऐकून घासाघीस केली नाही. दौलतचा मान एकेरीवर आला, पण बंद काही झाला नाही. धोंडू पाटलाने निरोप पाठवला, की तू जातीत परत आलीस त्याची एक बाटली लागते. त्या निरोपाला मंजुळाने जे उत्तर दिलं, ते निरोप्याने पाटलाला सांगितलंच नाही.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. साहेब येऊन गेला त्या दिवशी मंजुळा घरी पोचली, तेव्हा दमयंती तिच्या आधी कोळीवाड्यात पोचून गेली होती. हरेश्वर ओटीवर जाळं विणत होता. मंजुळाने पाटी ठेवली, हातपाय धुतले, जेवण वाढलं. हरेश्वर उठेना.

"कुशाबा कोन?" त्याने विचारलं.

"गिरनीतला मुकादम हाय."

"दिसाला कसा?"

"मी कवा बगितलाय त्याला!"

हरेश्वरने तीनचार गाठी मारल्या. "चार येला नाव घेतलंस म्हनतात. सायबाच्या म्होरं."

"मंग काय करू? इचारलं त्यांनी."

पुन्हा गाठी. मग जाळ्यातून मान वर न काढता तो म्हणाला, "माजं एक येला घे."

मंजुळा, जिचा आवाज मटणाच्या बाजारापर्यंत जाई, ती लाजून भिंतीकडे वळली. "आत्या हायत घरात," ती पुटपुटली.

"घे गो, घे," आतून सखुबाई ओरडली. "मी कान झाकलंय!"

आता शेजारच्या ओटीवरही माणसं उभी राहिली होती. मंजुळाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि एका दमात म्हणून टाकलं:

"दर्यावर दौडला शिडाचा घोडा,
हरेश्वरांचं नाव घेते, आता तरी जालं सोडा."

शेजारच्या ओटीवरून टाळ्या पडल्या. हरेश्वरने जाळं सोडलं, आत आला आणि पानावर बसला. दोन घास जेवला. तिसरा घास हातात घेऊन तो थांबला.

"आनि ती शेवंती," तो म्हणाला, "जिनं माजं नाव घेतलं. ती दिसाला कशी हाय?"

मंजुळाने कालवणाचं भांडं त्याच्यापुढून उचललं आणि आपल्या पानाशी ओढून घेतलं.